आखाजीचं पाणी

तो माणूस वेडा नव्हता. वेडा असता तर मी त्याला खोली दिली नसती. धुळ्यात आमची पिठाची गिरणी होती आणि तिच्या मागे एक खोली होती, जिथे आम्ही रिकामी पोती टाकायचो. पोती उंदरांनी खाल्ली, म्हणून माणूस ठेवला.

सगळे त्याला नाना म्हणायचे. मीही नानाच म्हणायचे. वयाने तो मोठा असून मला अक्का म्हणायचा. आला तेव्हा त्याच्याबरोबर एक वळकटी, एक पातेलं, एक स्टोव्ह आणि एक लेथ मशीन एवढंच होतं. लेथ मशीन म्हणजे लोखंड-पितळ कातायचं यंत्र. मोठी मी पाहिली होती, पण हे पाटावर मावेल एवढं होतं आणि शिवणयंत्राच्या पायट्यावर बसवलेलं होतं. पाय हलवला की फिरायचं.

मी विचारलं, "नाना, खाट नाही आणली?"

"खाट कसाले, अक्का? माले झोपच नही येस."

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. तो बसल्या बसल्या डोळे मिटायचा आणि कोणी जवळून गेलं की न उघडताच सांगायचा कोण गेलं ते.

आमचे हे, म्हणजे गल्लीचे भाऊ, आणि नाना तरुणपणी शिंदखेड्याकडे एकाच कापसाच्या जिनात कामाला होते. नाना बॉयलरवर आणि हे रेच्यावर. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतो ते यंत्र. रेच्यावरची माणसं संध्याकाळी पांढरी होऊन बाहेर यायची, भुवयासुद्धा पांढऱ्या. ती रुई यांच्या छातीत जाऊन बसली ती कायमची. पुढे जिनात वीज आली, बॉयलर मोडीत गेला, आणि नानाला काही काम उरलं नाही. जळगावला मेहरूणमध्ये काही वर्षं राहिला, तिथे बायको वारली, मग यांच्याकडे आला. "मोठं गयं, आते खिशात माई असं करस," असं तो सांगायचा.

आणि खरंच खिशात मावेल असंच करायचा. वाफेचं इंजिन, जिनात असायचं तसं. उभा बॉयलर, वर दोन सिलिंडर, बाजूला चाक. फक्त सगळं मिळून मोठ्या सुपारीएवढं. चाक सदऱ्याच्या बटणाएवढं. दट्ट्या जोंधळ्याच्या दाण्याएवढा, त्याचा दांडा शिवणाच्या सुईचा. बॉयलर तांब्याच्या नळीच्या तुकड्याचा. खाली स्पिरिटमध्ये भिजवलेली कापसाची वात. पाणी घालायचं ते डोळ्यात औषध घालतात त्या ड्रॉपरने. घड्याळजीचं भिंग डोळ्यात अडकवून तो दिवस दिवस बसायचा. नखांत पितळेचा भुगा असायचा, भाकरी मोडताना चमकायचा. मी म्हटलं, पोटात जाईल. म्हणाला, गयंच शे.

हे सगळं मला चाललं असतं. माणसाला काहीतरी नाद लागतो. पण त्याची दुसरी सवय लोकांना सहन होत नव्हती. गिरणीत बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, तेव्हा हा येऊन कोणाच्या तरी पाठीमागे उभा राहायचा. काही बोलायचा नाही, बघायचाही नाही. मान खाली, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवर टेकवत राहायचा, जप करतात तसा.

एक बाई माझ्यावर ओरडली, "अक्का, तुना हाऊ भाडेकरू मना मांगे उभा राही काय मोजस?"

मी नानाला गिरणीच्या बाहेर घेतलं. "काय मोजता?"

"श्वास."

"कोणाचा?"

"ज्याना ऐकू येस त्याना."

गल्लीत कोणी आजारी पडलं की हा तिथे हजर. खाटेशेजारी बसायचा. कसं वाटतं, काय दुखतं, काही विचारायचा नाही. घरच्यांना वाटायचं, भला माणूस, वेळ काढून येतो. चहा द्यायचे. मीही आधी तसंच समजले. मग बायका म्हणायला लागल्या, "नाना चक्कर मारी गया, आते लाकडं मांगाडा." हसून म्हणायच्या, पण तो दारात दिसला की आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण ओढायच्या.

मी गिरणीवाली. मला यंत्राचा आवाज कळतो. जात्याला टाकी लावायची वेळ झाली की मला आवाजावरून कळायचं, पीठ बघावं लागायचं नाही. म्हणून नानाच्या खोलीतलं मला सगळ्यांच्या आधी कळलं. त्या काळी दुपारी वीज जायची. गिरणी थांबली की गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी व्हायची, आणि मग मागून बारीक आवाज यायचा. टिक, टिक. पण घड्याळासारखा सरळ नाही. कुठे लंगडत, कुठे अडखळत. नाना इंजिनं फक्त वीज गेल्यावरच चालवायचा, गिरणी चालू असताना ती ऐकू आलीच नसती.

एकदा मी आत जाऊन बघितलं. फळीवर इंजिनं ओळीने मांडलेली होती. एक चालू होतं. दोन ठोके भरभर, मग एक लांब, मग जरा थांबून पुन्हा दोन.

"बिघडलंय," मी म्हटलं.

"नही. मनी बायको शे. तिले दमा व्हता."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने मला समजावून सांगितलं, जसं कोणी भाजीची रीत सांगतं. सिलिंडर दोन असतात. एकाची चाल मुद्दाम लंगडी ठेवायची. वाफ जायचं भोक कानशीने जराजरा घासायचं, घासून ऐकायचं, पुन्हा घासायचं. मनात जो आवाज आहे तो जमला की थांबायचं. जास्त घासलं तर ते माणूस गेलं, मग भोक बुजवून पहिल्यापासून.

"स्वतःचं केलं का?"

"आपला श्वास आपले ऐकू येस का, अक्का? आपला कान आपलेच बहिरा ऱ्हास."

माझा विश्वास बसला नाही. इंजिन ते इंजिन. पण मग एक गोष्ट घडली. गल्लीतल्या एका म्हातारीची मुलगी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी माहेरी आली होती. म्हातारी वारून वर्ष उलटलं होतं, तरी भावाने मुलीला आणलं. ती डबा घेऊन रांगेत उभी होती. वीज गेली, गिरणी थांबली आणि मागे टिकटिक सुरू झाली. त्या मुलीने डबा खाली ठेवला. म्हणाली, "माय जिना चढी राहिनी."

रांगेतल्या बायांनी तिला वाट दिली. मुलगी सरळ मागे गेली, नानाच्या दाराशी बसली आणि वात विझेपर्यंत बसून राहिली. रडली नाही. उठून आली, डबा घेतला आणि म्हणाली, "दोन पायऱ्या ऱ्हायन्यात." तिची आई जिन्यात पडून गेली होती, हे मला माहीत होतं. नाना त्या वेळी तिथे नव्हता. तो त्याआधी आजारपणात बसून आला होता, एवढंच.

त्यानंतर मी त्याच्या खोलीत जायचं बंद केलं. घाबरले नव्हते. मला कामं होती.

आता आखाजीचं सांगते. आखाजीला आमच्या खानदेशात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. कोरी मातीची घागर, तिच्या तोंडावर लहान मडकं, वर खरबूज, आंबा. पाणी त्या माणसाच्या नावाचं. भरलेली घागर ओतून द्यायची नाही. ओतली म्हणजे त्या माणसाला तहानलेलं परत पाठवलं. आणि जित्या माणसाच्या नावाने घागर कधी भरायची नाही. हे चार वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे शाळेत शिकावं लागत नाही.

त्या आखाजीला मी सासू-सासऱ्यांची घागर भरली. हे ओट्यावर बसून होते. त्या वर्षी त्यांची छाती फार वाईट होती, बोलताना मधेच थांबायचे, पण खायला कमी नव्हतं. मी खापरावरची पोळी आणि रस ताटात घेऊन नानाला द्यायला मागे गेले. सणाला भाडेकरू उपाशी ठेवत नाहीत.

दार उघडं होतं. जमिनीवर ओळीने बोळकी मांडलेली होती, पोरी भातुकलीत घेतात ती मातीची. प्रत्येक बोळक्यात पाणी, वर खरबुजाऐवजी खरबुजाची एक बी. प्रत्येक बोळक्यापुढे एक इंजिन. फळीवर इंजिनांच्या जागी औषधाच्या बाटल्या होत्या, तेव्हा नाना त्या पाण्याचं वर्षभर काय करायचा ते मला कळलं. बाटल्यांत भरून ठेवायचा आणि ज्याचं इंजिन त्याच्याच पाण्यावर चालवायचा.

शेवटचं इंजिन नवं होतं, पितळ अजून पिवळंधमक. ते चालू होतं. एक लांब, मग अडकल्यासारखा थांबा, मग दोन आखूड. एक लांब, थांबा, दोन आखूड.

मी तो आवाज अंधारात, उजेडात, तापात, थंडीत ऐकलेला होता. माझ्याच शेजारी.

"हे कोणाचं, नाना?"

त्याने डोळ्यातलं भिंग काढलं.

"मी विचारते, कोणाचं?"

"भाऊनं."

"भाऊ ओट्यावर बसलेत. आत्ता तीन पोळ्या खाल्ल्या त्यांनी."

"माले ठाऊक शे."

"आणि तुम्ही त्यांची घागर भरली?"

"इंजिन बनी गयं, अक्का. त्याले दुसरं पानी चालस नही. मी काय करू?"

"इंजिन तरी कशाला बनवलं जित्या माणसाचं?"

तो इंजिनाकडे बघतच म्हणाला, मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. "ऐकाले आतेच भेटस ना. मंग काय ऐकशी?"

त्याची चूक ती एवढीच. कारागिराची चूक. त्याला वस्तू आधी दिसली, माणूस नंतर. मी ताट खाली ठेवलं, रस थोडा सांडला. ते बोळकं लाथेने उडवावं असं मनात आलं. पण उडवता येत नव्हतं. पाणी भरलं गेलं होतं, यांच्या नावाने, आखाजीला. ओतलं तर काय आणि ठेवलं तर काय, दोन्ही माझ्याच घरावर. मी नानाला जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहीत नाही.

माझा आवाज ओट्यापर्यंत गेला. हे काठी टेकत आले. सगळं ऐकलं आणि हसले. त्यांना कशाचंही हसू यायचं.

"मना माल शे, माले दखाड तरी," ते नानाला म्हणाले.

इंजिन थांबलं होतं, नानाने वात पुन्हा पेटवली. इंजिन चाललं. हे वाकून ऐकत होते. हसू हळूहळू उतरलं.

"असाच वाजस का मी?" त्यांनी मला विचारलं.

"असेच."

"मंग तुले इतला वरीस झोप कशी उनी?"

"गिरणीवाली आहे मी."

पुन्हा हसले. मला वाटलं, संपलं. संपलं नाही. दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि हे उठून नानाच्या खोलीत गेले. तिसऱ्या दिवशीही. मग रोज. भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटायचे. मी दारातून बघायचे. इंजिनाचा लांब ठोका पडला की यांची छाती वर यायची. इंजिन थांबलं की थांबायची. दोन आखूड, की दोन आखूड. आणि खरं सांगते, त्यांना बरं वाटायला लागलं. खोकला कमी झाला. तोंडावर रंग आला. गल्लीत लोक म्हणाले, अक्का, भाऊ सुधारले. मी हो म्हणायचे.

पण वाफ संपून इंजिन थांबलं की यांची छातीही थांबायची. लगेच सुरू नाही व्हायची. मी पाठीत जोरात धपका मारायचे तेव्हा श्वास यायचा. एकदा मी म्हटलं, "नाना, तुम्ही बघत काय बसता, मारा की." नाना म्हणाला, "मी ऐकी राहिनतू."

बोळक्यातलं पाणी त्याने औषधाच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. ते रोज थोडं थोडं कमी होत गेलं. यांनी आधी बाजारात जायचं सोडलं, मग ओट्यावर बसायचं. सकाळी उठले की पहिलं विचारायचे, "किती ऱ्हायनं?" मला नाही, नानाला. नाना बाटली उजेडात धरून दाखवायचा. दोघे बाटलीकडे बघायचे. पुढची आखाजी तर लांब, अजून दिवाळीही यायची होती.

"ते सरनं म्हंजे?" एकदा त्यांनी विचारलं.

नाना म्हणाला, "सरनं म्हंजे सरनं."

मी म्हटलं, "दुसरं पाणी मिसळा त्यात."

"मिसाळता नही येस, अक्का. मंग भाऊ नही ऱ्हास."

"तुमच्या बायकोच्या बाटलीतलं घ्या."

"मंग तिनी चाल येई."

या माणसाशी बोलून उपयोग नव्हता. यांच्याशीही नव्हता. ते आता बोलायचेच इंजिनाच्या तालावर, एक लांब शब्द, थांबा, दोन तुटके. बाटलीच्या तळाशी थोडंसं राहिलं. हे मला म्हणाले, "उद्याना दिवस व्हई जाई. मंग पोरगाले बलावजो." आमचा मुलगा तेव्हा जळगावला नोकरीला होता. मी दिवसभर दळण दळलं. कोणाचं बारीक झालं, कोणाचं जाड, मला कळलं नाही. मला, जिला आवाजावरून कळायचं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. मी पट्टा उतरवला, हात पुसले आणि मागे गेले. नाना ड्रॉपर बाटलीत घालत होता. मी बाटली त्याच्या हातातून घेतली.

"अक्का, सांडशी!"

"सांडत नाही." मी यांच्यासमोर बसले. "हे तुमच्याच नावाचं पाणी आहे ना?"

हे म्हणाले, "हां."

"मग तुम्हीच प्या."

नाना जागचा उठला. त्याला मी त्याआधी कधी घाईने उठताना बघितलं नव्हतं. "नको, अक्का! जित्या माणसानं ते तोंडले लाऊ नही!"

"जित्या माणसाच्या नावाने भरायचंही नसतं," मी म्हटलं. "ओतायचं नाही म्हणतात. पाजायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही. ज्याचं पाणी त्याला पोचलं की झालं."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाटली घेतली आणि तोंडाला लावली. जेमतेम जीभ ओली होईल एवढंच होतं. गिळलं. नाना भिंतीला चिकटून उभा. मी यांच्या छातीकडे बघत होते.

"कसं लागलं?"

"मातीना वास येस," हे म्हणाले.

मी उठले, गिरणीतल्या रांजणातून बाटली भरून आणली आणि नानासमोर ठेवली. "आता हे घाला. आम्ही पितो तेच आहे."

"यानावर नही चालाव."

"घालून तर बघा."

"चालाड, नाना," हे म्हणाले.

नानाने घातलं. अर्धं बाहेर सांडलं. वात पेटवली. आम्ही तिघे बसून राहिलो. पाणी तापायला वेळ लागला. मग चाक हललं.

इंजिन चाललं. पण ती चाल यांची नव्हती. तीन ठोके सरळ, आणि चौथा ओढलेला, कोणी जड पोतं फरशीवरून सरकवावं तसा. तीन सरळ, एक ओढून.

मी म्हणते, आमचं पाणी खारं. क्षार बसला असेल, भोक बुजलं असेल. गिरणीचं जातं बदलतं तसं हेही बदललं. पण पहिल्याच पाण्याला, पहिल्याच ठोक्याला?

हे डोळे उघडून ऐकत होते. "हाऊ मी नही," ते म्हणाले, आणि खोकायला लागले. चांगले जोरात खोकले, थुंकले, आणि मग श्वास घेतला. इंजिन आपलं चाललं होतं, हे आपला घेत होते. दोघांचा काही संबंध नव्हता. "चहा कर," म्हणाले. बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

नाना तिथेच होता. मान खाली आणि अंगठा बोटांवर. तीन, आणि चौथ्या बोटावर जरा जास्त वेळ. मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. लोकांच्या पाठीमागे उभा राहणारा तो माणूस, कधी कोणाच्या तोंडाकडे बघायचा नाही. माझ्याकडे बघितलं.

"कोणाचं हे?" मी विचारलं.

त्याने जीभ लावून बोट ओलं केलं आणि वात विझवली.

"सांगा की."

"दिवा लावाना टाइम व्हयना, अक्का," तो म्हणाला. बाहेर लख्ख ऊन होतं.

दिवाळीच्या आधी तो गेला. साक्रीकडे एका खेड्यात त्याची बहीण होती. हातगाडीवर लेथ मशीन चढवलं, बाकी इंजिनं धोतरात गुंडाळून पोटाशी धरली. यांचं म्हणून केलेलं ते एक गिरणीच्या कोनाड्यात ठेवलं. मी म्हटलं, घेऊन जा, मला नको. म्हणाला, "हाई तठेच ऱ्हाऊ दे. मी आते त्याना कोन?"

पुढे तो वारल्याचं कळलं. बहिणीकडच्यांनी इंजिनं पितळ म्हणून मोडीत घातली असं ऐकलं. बायको, ती जिना चढणारी म्हातारी, सगळी.

आमचे हे त्यानंतर बरीच वर्षं जगले. गेले तेही छातीने नाही, पायाच्या जखमेने. साखर होती आणि ऐकायचे नाहीत. त्यांची घागर मी पहिल्यांदा भरली तेव्हा मनात आलं, हे पाणी त्यांनी एकदा प्यायलेलं आहे.

आता गिरणी बंद आहे. मुलगा आणि सून इथेच राहतात. घरात फार शांत असतं. जन्मभर पीठ खाल्लं, ते आता छातीतून बोलतं, पण मला त्याचा त्रास नाही. यंदा आखाजीच्या आधी सूनबाई कोनाडा साफ करत होती. तिला ते इंजिन सापडलं. तिने चिंचेने घासून चकचकीत केलं, नळाचं पाणी घातलं आणि खाली वात लावली. मी पुढच्या खोलीत शेंगा सोलत होते. आवाज आला. तीन सरळ, एक ओढून. इतकी वर्षं कोनाड्यात पडून होतं, तरी जरासुद्धा फरक नव्हता.

सून दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत होती.

"काय गं?"

"काही नाही, आई."

"बोल. मला अर्धवट आवडत नाही."

"तुम्ही दुपारी झोपता ना, आई," ती म्हणाली, "तेव्हा अगदी असंच वाजतं."

मी शेंगा खाली ठेवल्या. तोंड मिटलं आणि श्वास धरून बसले, किती वेळ धरता येतो तितका. मागे इंजिन चालूच राहिलं. तेव्हा सोडला.

सून बाजाराला निघाली तेव्हा तिला सांगितलं, घागर एकच आण, तुझ्या सासऱ्यांची. बोळकी स्वस्त मिळाली तरी उचलू नकोस. आणि ते इंजिन चालवायचं असेल तर रोज चालव, माझी ना नाही. पाणी मात्र नळाचंच घाल.